शेवटची कायम जागा

९ जानेवारी

ताई,

तू परत गेलीस त्याला आठ दिवस झाले, तरी आई रोज एकदा विचारतेच, "पोचली ना गं माझी भाची नीट?" तुझा फोन आला होता हे मी रोज नव्याने सांगते.

मास्तर परवा निवृत्त झाले. एकतीस वर्षं या माणसाने लोकांना पाय करून दिले. शेवटच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत हात बुडवून बसले होते. चार वाजता अधीक्षक साहेब आले, हातात फुलं दिली, दोन वाक्यं बोलले आणि त्या दोन वाक्यांत मास्तरांचं नाव चुकवलं. मास्तर हसून म्हणाले, "चालायचंच." पाय बनवणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द! सगळे हसले. मीही हसले, आणि मग साचे ठेवायच्या खोलीत जाऊन रडले.

आता वर्कशॉपमध्ये मी एकटी. माप मी घ्यायचं, साचा मी ओतायचा, कानस मी चालवायची, पट्टे मी लावायचे आणि पेशंटला दांड्या धरून चालायलाही मीच शिकवायचं.

आणि त्यात तुझं ते वाक्य. "सोड ती नोकरी, आपण दोघी मिळून वर्कशॉप काढू." जाताना, चपला घालता घालता बोललीस आणि निघून गेलीस. तेव्हापासून माझं लक्ष ठिकाणावर नाही. एक बेकरीवाल्या बाई आहेत, गुडघ्याखालून पाय गेलाय. काल त्यांचा साचा घासताना तुझंच डोक्यात होतं, आणि मी नको तिथे इतकं घासलं की साचा फेकून द्यावा लागला. चौदा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तेव्हा आता खरंखरं सांग. तुझ्या तिकडच्या पायांच्या कारखान्याचं कसं चाललंय? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. इथे होतीस तेव्हा सगळं छान छानच सांगत होतीस, पण विषय निघाला की भाऊजी उठून बाहेर जात होते, ते मी पाहिलंय.

तुझी
खारुटली

२४ जानेवारी

खारुटले,

तुझे भाऊजी बाहेर जात होते ते सिगारेट ओढायला. मावशीसमोर ओढत नाहीत. एवढ्यावरून तू पंचनामा केलास होय?

लहानपणी तुला झोपाळ्यावर बसवलं होतं, आठवतं का? दोन्ही दोऱ्या गच्च धरून बसलीस. मी मागून ढकलत होते आणि तू पाय जमिनीला टेकवून झोका थांबवत होतीस. बाकीची पोरं ओरडत होती, "झोका घ्यायचा नाही तर उतर!" तू उतरलीही नाहीस. तुझी नोकरी म्हणजे तसं बसणं आहे. कायम, कायम, कायम! कायम कोण आहे गं? तुझे मास्तर कायमच होते ना? नाव तरी लक्षात राहिलं का कुणाच्या?

माझ्याकडे आठ माणसं आहेत. शटर मी उघडते, मी पाडते. कोणता पेशंट किती दिवसांत उभा करायचा ते मी ठरवते. प्लास्टर किती वापरलं म्हणून कुणी माझ्यापुढे रजिस्टर आपटत नाही. मागच्या मंगळवारी मनात आलं, दुपारी सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली. आहे तुझ्यात ही हिंमत?

त्रास आहे. नाही कुठे म्हणते? पण स्वतःचा त्रास आणि दुसऱ्याने दिलेला त्रास यात फरक असतो. तुझ्यासारखा हात माझ्या आठांपैकी एकाचाही नाही. तू केलेल्या सॉकेटच्या खोबणीत उरलेला पाय घातला की माणूस म्हणतो, "अरे, हा तर माझाच." माझ्या लोकांचं काम बघून म्हणतो, "सवय होईल का हो?" तू आलीस तर आपण कुठल्या कुठे जाऊ.

मास्तरांच्या जागी कुणी घेणार आहेत का? आणि तुझ्याखेरीज कायम नोकरीतलं आता कुणी उरलंय का तिथे? सहज विचारते.

मावशीला नमस्कार. तिचा दमा कसा आहे?

ताई

१० फेब्रुवारी

ताई,

झोपाळ्याची गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. मी उतरले नाही, कारण माझ्या आधी बसलेली मुलगी पडून तिचा दात तुटला होता. असो.

मास्तरांची जागा भरणार नाहीत. मी विचारायला गेले, तर साहेब म्हणाले, "बाई, काळ बदललाय. आता सगळीकडे बाहेरून काम करून घेतात. तुम्ही आहात तोवर वर्कशॉप आहे."

मी विचारलं, "म्हणजे माझ्यानंतर नाही?"

तर म्हणाले, "तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये आवडेल का? तिथे बसून काम असतं."

चौदा वर्षं हाताने काम करणाऱ्या बाईला फायलींवरची धूळ झटकायला बसवायचं! मी म्हटलं, नाही आवडणार. तेव्हापासून प्लास्टर मोजून येतं, कानशी मागवल्या की "पुढच्या तिमाहीत" असा शेरा येतो. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, कायम म्हणावं अशी या वर्कशॉपात आता मी एकटीच.

मला सोडावंसं वाटतं, ताई. इतकं मी अजून स्वतःशीही बोलले नव्हते. पण आई. कर्मचाऱ्याची आई म्हणून तिला इथल्या वॉर्डात खाट मिळते. दमा उसळला की रांग नाही, चिठ्ठी नाही. छातीचे डॉक्टर तिला ओळखतात. नोकरी गेली की तेही गेलं. काल तिला अंदाज घेत विचारलं, "मी नोकरी सोडली तर?" ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई आहे ना तिकडे? मग ती काय तुला वाऱ्यावर सोडणारे?"

तुझ्यावर तिचा एवढा भरवसा. माझ्यावर नाही एवढा!

खारुटली

१७ फेब्रुवारी

खारुटले,

पत्र मिळालं त्याच दिवशी लिहिते आहे. नीट वाच आणि दोनदा वाच.

ते तुला रेकॉर्ड रूममध्ये टाकणार. आज नाही तर सहा महिन्यांनी. एकदा कानस हातातून सुटली की दोन वर्षांत हात जड होतो, हे तुला मी सांगायला नको. त्यांनी काढायच्या आधी तू निघ. मान वर करून निघ.

आपण भागीदारीत काढू. अर्धं तुझं, अर्धं माझं. जागा तुझ्याच गावात बघू, म्हणजे मावशीला हलवायला नको. तिचा विमा काढू. त्याची जबाबदारी माझी. आईच्या माघारी मावशीनेच मला वर्षभर घरात ठेवून घेतलं, पहिली नोकरी लागेपर्यंत. ते मी विसरलेले नाही.

मात्र उशीर करू नकोस. राजीनामा मार्चच्या पहिल्या आठवड्यात दे. एप्रिलपासूनच्या नव्या वर्षाचं काम घ्यायचं तर त्याआधी तू मोकळी हवीस.

आणि एक काम कर. नवं वर्कशॉप मांडायचं तर मला अंदाज हवा. तुमच्याकडे कोणती यंत्रं आहेत, कशी चालतात, महिन्याला किती पेशंट येतात, गुडघ्याखालचे किती, वरचे किती, किती जण दुरुस्तीला परत येतात, एका पायाला माल किती लागतो, हे सगळं एका वेगळ्या कागदावर लिहून पाठव. तुला तोंडपाठ असेल.

ताई

६ मार्च

ताई,

दिला!

सकाळी अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. वाटलं होतं, निदान "का?" म्हणून विचारतील. त्यांनी अर्ज वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मग म्हणाले, "बसा ना, चहा घ्या." चौदा वर्षांत या माणसाने मला बसा म्हटलं नव्हतं. चहा चांगला होता. मी पूर्ण प्यायले.

हेडक्लार्क मात्र माझ्या मागे व्हरांड्यात आले. चष्मा कपाळावर, हातात माझाच अर्ज. म्हणाले, "बाई, घरी काही झालंय का?"

"नाही हो. स्वतःचं काहीतरी करायचंय."

"करा की. पण महिनाभर रजा टाकून करून बघा. रजा शिल्लक आहे तुमची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंधरा दिवसांत राजीनामा परत घेता येतो. मी हा कागद पंधरा दिवस माझ्या खणात ठेवतो. काही वाटलं तर या."

मी त्यांना हसून सांगितलं, "माझी बहीण आहे सोबत. परत घ्यायची वेळ नाही येणार."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण एवढ्यात साहेबांची घंटा वाजली.

बेकरीवाल्या बाईंचा पाय शेवटचा केला. दांड्या सोडून सहा पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "आता भट्टीपुढे उभी राहीन." त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी माझ्या स्वतःच्या वर्कशॉपात या. हे वाक्य बोलताना कसं वाटलं म्हणून सांगू! तोंडात गोळी ठेवल्यासारखं. घरी येईपर्यंत चघळत होते.

तू मागितलेली माहिती सोबतच्या तीन कागदांवर आहे. काही म्हणजे काही सोडलेलं नाही. कोणती मोटर डावीकडे ओढते, कोणत्या महिन्यात पेशंट कमी येतात, कोणत्या मापाचे पंजे पडून आहेत, सगळं. आता सांग, जागा बघायला कधी येतेस?

तुझी भागीदार
खारुटली

१५ एप्रिल

ताई,

सहा मार्चच्या पत्राला तुझं उत्तर नाही. फोन भाऊजी उचलतात आणि तू बाहेर गेली आहेस म्हणतात. मी इथे दोन जागा बघून ठेवल्या होत्या, त्यातली एक गेली.

आईला मागच्या आठवड्यात दम लागला. दवाखान्यात नेलं तर खिडकीवरच्या मुलीने कर्मचारी कार्ड मागितलं. मी सवयीने पर्समध्ये हात घातला. मग साध्या रांगेत उभ्या राहिलो. आई म्हणाली, "आज फार गर्दी आहे नाही?" मी हो म्हटलं.

विम्याचं काय झालं? दमा जुना असल्याने तो धरत नाहीत असं एक एजंट सांगत होता. तुझ्या ओळखीत कुणी आहे का?

आजारी वगैरे तर नाहीस ना? दोन ओळी तरी लिही.

खारुटली

२३ एप्रिल

खारुटले,

आजारी नाही, धावपळीत आहे. एक मोठं काम हाती येतंय. ते झालं की तुझं सगळं मार्गी लागेल. तोवर जागा घेऊ नकोस, कुणाला शब्द देऊ नकोस, आणि जुन्या दवाखान्याकडे फार जाऊ नकोस. लोक नाही नाही ते बोलतात. मावशीला जप.

ताई

२८ मे

ताई,

तू जाऊ नकोस म्हणालीस, पण मी गेले. हौसेने नाही. बेकरीवाल्या बाई दारात आल्या. सॉकेट सैल झालं होतं आणि कातडी सोलवटली होती. घरी माझ्याकडे ना मोटर, ना माल. म्हटलं चला, माझ्या जागी जो कुणी असेल त्याला हात जोडू आणि दहा मिनिटं यंत्र मागू.

वर्कशॉपच्या दारावर नवी पाटी होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. तुझ्या कारखान्याचं नाव. गेलेल्या मावशीच्या, तुझ्या आईच्या नावाने ठेवलेलं नाव, ताई! मी पाटी वाचली, खाली बघितलं, पुन्हा वाचली. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "हेच का तुमचं स्वतःचं वर्कशॉप?" बिचारीने सरळ मनाने विचारलं.

आत तुझा एक माणूस होता. त्याने यंत्र दिलं नाही. "बाहेरच्यांना परवानगी नाही" म्हणाला. बाईंना तसंच बाकावर बसवून मी हेडक्लार्कांकडे गेले. त्यांनी मला बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे असंच मी समजत होतो. बहीण सोबत आहे म्हणालात ना?"

मग सांगितलं. नियमच तसा आहे म्हणे. ज्या विभागात एक जरी कायम माणूस पदावर आहे, तो विभाग बाहेर देता येत नाही. तुझा पहिला अर्ज डिसेंबरात आला होता. साहेबांनी त्यावर लिहिलं होतं, "पदे रिक्त झाल्यावर विचार करावा." एक पद मास्तरांचं. दुसरं माझं. माझा राजीनामा पक्का झाल्यावर पाचव्या दिवशी कंत्राट निघालं.

म्हणजे तू आमच्याकडे आलीस ती आईला भेटायला नाही. साहेबांना भेटायला आली होतीस, आणि राहायला घर हवं होतं म्हणून आमच्याकडे राहिलीस. आमच्या पाटावर बसून जेवलीस आणि चपला घालता घालता ते वाक्य टाकलंस.

त्यांनी फाईलही दाखवली. तुझ्या दुसऱ्या, मार्चमधल्या अर्जासोबत माझे ते तीन कागद होते, माझ्या अक्षरातले. "ताई, हे बघ" असं मी वर लिहिलं होतं. झेरॉक्स काढताना तू तेवढी जागा दुसऱ्या कागदाने झाकली होतीस. त्या कागदाची कड बारीक काळ्या रेघेसारखी उमटली आहे.

पंधरा दिवस होते, ताई. पंधरा दिवस माझा अर्ज त्या भल्या माणसाच्या खणात पडून होता. तेवढे पंधरा दिवस तू फोन उचलला नाहीस.

आईला मी काही सांगितलेलं नाही. मला एवढंच कळू दे, की ही पत्रं लिहिताना तुझा हात एकदा तरी अडला का?

११ जून

खारुटले,

अडला. सतरा फेब्रुवारीचं पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोनांत खरं लिहिलं होतं.

आता ऐक. माझ्याकडे आठ माणसं होती, आणि डिसेंबरात त्यांना द्यायला काम उरलं नव्हतं. दोन दवाखाने माझ्याकडून पाय घ्यायचे. दोघांनी तयार पाय बाहेरून मागवायला सुरुवात केली. त्या मंगळवारी मी हौसेने सुट्टी दिली नव्हती. काम नव्हतं म्हणून घरी पाठवलं होतं. भाऊजी उठून बाहेर जायचे ते सिगारेटसाठी नाही. माझं बोलणं त्यांना ऐकवत नव्हतं.

मी कायम नोकरी कधी केली नाही, कारण मला कुणी दिली नाही. आपण दोघी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो होतो. तुला घेतलं. त्या दिवशी तू मला पेढा भरवलास आणि मी तो खाल्ला. त्यानंतरची चौदा वर्षं प्रत्येक महिन्याची पहिली तारीख तुला आपोआप आली. मला ती दर महिन्याला ओढून आणावी लागली. तुझी जागा जाणारच होती. माझ्यामुळे वर्षभर आधी गेली असेल. ते कंत्राट मी घेतलं नसतं तर कुणीतरी परक्याने घेतलं असतं, आणि त्याने तुला दारातही उभं केलं नसतं.

भागीदारी करायचं मनात होतं. खोटं नव्हतं ते. पण आता भाऊजी नको म्हणतात, बँकही नको म्हणते, आणि माझ्यात भांडायची ताकद नाही.

तुझी जुनी जागा रिकामी ठेवली आहे. अकरा महिन्यांचा करार, पुढे दरवर्षी नवा. रोज तीन सॉकेट. माझा माणूस जे करतो ते लोक परत आणून देतात. महिनाभरात दवाखान्याची दोन पत्रं आली आहेत. मला तू हवी आहेस. याला उपकार म्हण, सौदा म्हण, काहीही म्हण. पण ये.

करार सोबत आहे. मावशीला काही सांगू नकोस, एवढं एक मागते.

ताई

२९ जून

माननीय कंत्राटदार बाई यांस,

करारावर सही करून परत पाठवत आहे. या गावात पाय बनवायचं दुसरं ठिकाण नाही आणि मला दुसरं काम येत नाही. तुम्हाला हे माहीत होतं.

सोमवारपासून कामावर आहे. माझ्या जागेवर स्टूल नव्हतं, ते भांडारातून सही करून घेतलं. साहेब वर्कशॉपवरून जाताना थांबले, माझ्याकडे बघून "नवीन का?" म्हणाले. मी हो म्हटलं.

रोज तीन सॉकेट होणार नाहीत. दोन होतील. तिसरं केलं तर ते लोकांची कातडी सोलेल आणि पाटीवर नाव तुमचं आहे. मान्य नसेल तर करार अकरा महिन्यांआधीही मोडता येतो. नवव्या कलमात तुम्हीच लिहिलं आहे. बेकरीवाल्या बाईंचं काम पहिल्या दिवशी केलं, तुमच्या रजिस्टरमध्ये ते मोफत दुरुस्ती म्हणून दाखवलं आहे.

मुलाखतीच्या दिवसाबद्दल. तुम्हाला घेतलं नाही म्हणून मी आठवडाभर त्या नोकरीवर हजर झाले नव्हते. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी कधी सांगितलं नाही. तेव्हा आईनेच मला हाताला धरून तिथे नेलं.

यापुढे कामाखेरीज पत्र लिहू नये. लिहिल्यास उत्तर मिळणार नाही.

आईला तुम्ही सांगितल्याप्रमाणे काही कळू दिलेलं नाही. मी पुन्हा त्याच दवाखान्यात जाते आणि पगार तुम्ही देता, एवढंच तिला माहीत आहे. कालही ती साध्या रांगेत दोन तास उभी होती. नंबर आला नाही. घरी येऊन खाटेवर बसली, श्वास पुरता बसायच्या आधीच मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ताईला लिही. म्हणावं, माझी लेक उघड्यावर पडली होती, तू तिला पुन्हा आत घेतलंस. तुझं भलं होईल."

तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे. एक शब्द बदललेला नाही.